पहाटे पाणी पितं कोण?

"फाणी फरत फेलं," ढोल्या म्हणाला.

तोंडात टूथपेस्टचा फेस असला की असंच होतं. पण त्याचं म्हणणं सगळ्यांना कळलं, कारण तलावाकाठी मुक्काम टाकल्यापासून रोज सकाळी हेच रडगाणं चालू होतं. त्याने सिंकचा नळ पुन्हा उघडला, मिटला, खालून टिचकी मारून बघितली. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला.

"काल संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली होती," मामा म्हणाले. "मी स्वतः पाइप धरून उभा होतो."

"आणि दिवाही लागत नाहीये," मामी म्हणाली. "बॅटरी उतरली परत. बसा आता इंजिन चालू करून."

मुंगी वरच्या बिछान्यावरून पाय लोंबकळत सोडून हे सगळं ऐकत होती. ती मामांची भाची. सुट्टी लागली की ती मामांकडे यायची. साखरेचा एक कण सापडला की मुंगी जशी डब्यापर्यंत पोचल्याशिवाय थांबत नाही, तशी ही कुठल्याही गोष्टीचा पिच्छा सोडायची नाही. म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. ढोल्या तिचा मामेभाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. टेबल, डबा, खिडकीची काच, दुसऱ्याची पाठ, जे हाताला लागेल ते तो वाजवायचा.

मामा दातांचे डॉक्टर होते. 'रोज दोनदा, न चुकता!' हे वाक्य दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत. कॅम्परच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम वेगळा होता: चालतेय ना? मग चालू दे. कॅम्पर म्हणजे चाकांवरची एक खोलीच. झोपायला बिछाने, छोटा ओटा, पलंगाखाली पाण्याची टाकी, बाकाखाली गिझर. मामांनी ती खास या सुट्टीसाठी जुनी विकत घेतली होती. आधीचा मालक गाडीत काय काय बघायचं ते तासभर समजावून सांगत होता, तेव्हा मामा गाडीपुढे उभे राहून फोटो काढून घेत होते.

"पाणी काही हवेत उडून जात नाही," मामा म्हणाले. "ते कोणीतरी नेतंय."

मामीने दाराबाहेर एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "कोण ते मी बघितलंय बहुतेक."

शेजारच्या जागेवर, एका मोठ्या झाडाखाली, एक जुनी सायीच्या रंगाची कॅम्पर उभी होती. तिच्यात एक बाई एकट्याच राहत होत्या. त्या एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या आणि गाडीतही त्यांनी दोन फळ्या भरून पुस्तकं आणली होती, म्हणून मुलं त्यांना पुस्तकमावशी म्हणत.

"रोज पहाटे," मामी सांगू लागली, "मी उठते तेव्हा ती बाई पांढऱ्या कॅनमधून स्वतःच्या टाकीत पाणी ओतत असते. नरसाळं लावून, अगदी सावकाश. आणि आपली टाकी तेवढ्यात कोरडी!"

*

मॅनेजरकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. तलावाकाठचा तो सगळा तळ त्यांच्या ताब्यात होता. मामांची तक्रार ऐकून त्यांनी कपाळ खाजवलं.

"पहाटे ओततात? मग पाणी आणलं कुठून? इथे रात्री पाइपातलं पाणी गोठतं. म्हणून मी संध्याकाळीच नळाला कुलूप लावतो. नळावर ऊन येईपर्यंत तळावर थेंबभर पाणी मिळायचं नाही कुणाला."

"तेच तर म्हणतोय मी," मामा म्हणाले.

दोघं पुस्तकमावशींकडे गेले. मागोमाग मुंगी आणि ढोल्याही गेले. मावशी गाडीची पुढची काच पुसत होत्या.

"ते माझंच पाणी आहे, आदल्या दिवशीचं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "माझी टाकी गाडीच्या पोटाखाली, उघड्यावर आहे. रात्री पाणी गोठलं तर ती फुटेल. म्हणून संध्याकाळी मी सगळं पाणी कॅनमध्ये काढून घेते, कॅन आत ठेवते आणि सकाळी परत ओतते."

"रोज?"

"रोज."

मामा मॅनेजरकाकांकडे वळले. "भरलेली टाकी रात्री रिकामी करायची आणि सकाळी परत भरत बसायची. असं कोणी करतं का हो?"

मॅनेजरकाकांनाही ते पटलं नाही. गाडीखाली वाकून टाकी बघावी, असं मात्र दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

"हे बघा बाई," काका म्हणाले, "मला तळावर कटकट नको. उद्या दुपारपर्यंत जागा मोकळी करा."

मावशींनी फडका बादलीत बुडवला, पिळला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि उरलेली काच पुसू लागल्या. त्यांचे कान लाल झालेले फक्त मुंगीला दिसले.

*

संध्याकाळी मुंगी मावशींकडून वाचायला आणलेलं पुस्तक परत द्यायला गेली. आत फळ्यांवरची पुस्तकं पडू नयेत म्हणून त्यांना इलॅस्टिकची पट्टी लावली होती. खुंटीवर पुरुषाची एक कॅप होती. जमिनीवर रिकामे कॅन ओळीने मांडले होते आणि शेजारी त्यांच्यावर घालायची जुनी गोधडी घडी करून ठेवली होती.

"तुम्ही भांडत का नाही?" मुंगीने विचारलं.

"ज्याचं ठरलेलं आहे, त्याच्याशी काय भांडायचं?"

"पण तुम्ही तर आणखी आठवडाभर राहणार होता."

"हो. ही बाबांची आवडती जागा. आम्ही दोघं दर वर्षी इथेच यायचो, याच झाडाखाली." मावशींनी पुस्तक फळीवर लावलं, पट्टी सारखी केली. "यंदा मी एकटी आले. लवकर निघावं लागलं तर निघेन. पण या जागेवरून चोर म्हणून जायचं, हे जरा..."

पुढचं वाक्य न बोलता त्या उठल्या. "चल, फेरीची वेळ झाली."

फेरी म्हणजे गाडीभोवतीची तपासणी. मुंगी मागे मागे फिरली. मावशींनी प्रत्येक टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. भेगा पडल्या असतील तर हाताला कळतात, म्हणाल्या. मग साबणाचं पाणी ब्रशने गॅसच्या नळीच्या सांध्यावर लावलं आणि बुडबुडे येतात का ते वाकून बघितलं. बुडबुडा आला तर गॅस गळतोय असं समजायचं. एकही आला नाही. मग टाकीची खालची तोटी उघडून त्या एकेक कॅन भरू लागल्या.

"आधी चाकं, मग गॅस, मग पाणी, मग माणसं. बाबांचा क्रम."

"माणसं म्हणजे?"

"सगळं बघून झालं की ते खालून हाक मारायचे, 'झोपलीस का गं?' मी म्हणायचे, 'झोपले.' मग दिवा मालवायचे."

"आणि आता?"

"आता फेरी पाण्यापर्यंतच," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

*

कपडे धुण्याच्या खोलीमागे तिघांची बैठक बसली. तिसरी होती घंटी, मॅनेजरकाकांची मुलगी. ती दिवसभर सायकलवरून तळाला चकरा मारायची आणि समोर कोणी नसलं तरी घंटी वाजवायची.

"माझे बाबा एकदा बोलले की बोलले," ती म्हणाली. "पुरावा दाखवला तरच ऐकतात. मागे मी सांगत होते, कचरा कुत्रं उपसत नाही, कोल्हा उपसतो. हसले मला. शेवटी शेपूट दाखवली."

"शेपूट तोडलीस?" ढोल्याचे डोळे विस्फारले.

"फोटोत रे, बावळटा!"

मुंगी काडीने मातीत रेघा ओढत होती. "मला एक गोष्ट खटकतेय. आज पहाटे मला जाग आली तेव्हा मामा घोरत होते. घर्र, घर्र, एकसारखे. मी खिडकीतून बाहेर बघितलं, तर मामा बाहेर व्यायाम करत होते."

"मग घोरत कोण होतं?"

"आई असेल," ढोल्या म्हणाला.

"मामी जागी होती. खिडकीशी उभी राहून मावशींवर पहारा करत होती."

"मी नव्हतो हं. मी घोरत नाही."

"तू झोपेत दात वाजवतोस. तो आवाज वेगळा."

मुंगीने काडी टाकून दिली. "ते राहू दे. आधी पाणी जातं कुठे ते बघू. ढोल्या, तुझ्या वाढदिवसाच्या केकसाठी मामीने रंगाच्या बाटल्या आणल्यात ना?"

मामी केक करून विकायची. तिच्या सामानात कधी काय सापडेल सांगता यायचं नाही.

"निळी अख्खी आहे," ढोल्या म्हणाला. "पण मला केकवर निळा समुद्र हवाय."

"तुझा समुद्र आटवावा लागणार. तो रंग आज रात्री आपल्या टाकीत ओतायचा. खायचा रंग आहे, कोणाला बाधणार नाही. सकाळी निळं पाणी जिथे सापडेल, तिथे आपलं पाणी गेलं."

"शाबास!" घंटीने हवेतच घंटी वाजवल्यासारखं केलं. "मी पहाटे मावशींना कॅन उचलू लागते. पाणी निळं असलं तर एकदा घंटी वाजवीन, स्वच्छ असलं तर दोनदा."

ढोल्या गुडघ्यावर ताल धरून विचार करत होता. "आणि मावशींच्याच कॅनमधून निळं निघालं तर?"

हे मुंगीच्या मनातही आलं नव्हतं. मावशी खोटं बोलत नाहीत, असं तिने धरूनच ठेवलं होतं. आणि मामांनी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांनी उलटं धरून ठेवलं होतं, एवढाच फरक.

"तर मी स्वतः मामांना जाऊन सांगेन," ती म्हणाली.

*

टाकी भरायचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला होतं आणि नेमके तिथेच मामा खुर्ची टाकून बसले होते. त्यांना उठवायचं काम ढोल्याने घेतलं.

"बाबा, दाढ दुखतेय."

मामा ताडकन उभे राहिले. "कुठली? आत चल. आ कर. मोठा आ. टॉर्च कुठाय?" पाठोपाठ आतून त्यांचा दवाखान्यातला आवाज ऐकू येऊ लागला. "दुखायला लागल्यावर सगळेच येतात. अरे, दुखण्याआधी बघायचं असतं! रोजची निगा म्हणजे काय, सांग बरं."

"आआ," ढोल्याने सांगितलं.

तेवढ्यात मुंगीने झाकण उघडलं, बाटली पालथी केली, झाकण लावलं. निम्मी टाकी जेवणाआधीच वापरून झाली होती, त्यामुळे रंग गडद होणार होता. निजताना मामांनी, सकाळी पंचाईत नको म्हणून, स्टीलचा पेला नळाखाली धरून भरून ठेवला. दिवा मंद होता. पेल्यात काय पडलं ते कुणाला दिसलं नाही.

*

पहाटे मुंगीला जाग आली ती एका बारीकशा आवाजाने. टक्.

आणि लगेच: घर्र, घर्र.

तिने वाकून बघितलं. मामा पांघरुणात होते आणि खरोखरच घोरत होते. पण घोरणी दोन होती. एक मामांचं, चढउताराचं. दुसरं एका सुरातलं, बाकाखालून येणारं. ती हळूच खाली उतरली आणि तिने बाकावर तळवा टेकला. लाकूड थरथरत होतं. गाडीत श्वासाची वाफ दिसेल इतका गारठा होता, कारण गॅस वाचावा म्हणून मामा रात्री हीटर बंद ठेवत.

हळूहळू मामा उठले, पेला घेऊन बाहेर गेले. बाकाखालचं घोरणं दमत दमत बारीक झालं आणि थांबलं. तिने दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही.

बाहेरून सायकलची घंटी वाजली. एकदा.

मुंगी जागच्या जागी थिजली. एकच? ढोल्या डोळे चोळत उठून बसला होता, त्यानेही ऐकलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

मग दुसरी वाजली.

"सांधा गोठलाय घंटीचा!" खिडकीखालून घंटी ओरडली. "दुसऱ्यांदा वाजेचना. स्वच्छ आहे गं, सगळ्या कॅनमध्ये स्वच्छ!"

मुंगीने सिंकचा नळ उघडून बघितला. पण टाकी कोरडी होती, म्हणजे निळं पाणी कुठेतरी गेलंच होतं. बाहेर येऊन ती गाडीभोवती फिरली. गाडीखालून वारा शिरू नये म्हणून मामांनी पहिल्याच दिवशी चारही बाजूंनी ताडपत्री सोडली होती. तिने तिचा एक कोपरा वर केला आणि पोटावर सरपटत आत गेली.

खडीवर बर्फ होता. ताटाएवढा, जाडसर. खालचे थर पांढरे होते आणि सगळ्यात वरचा थर निळा. बाकीचं पाणी खडीत मुरून गेलं होतं.

"ढोल्या," तिने हाक मारली, "तुझा समुद्र सापडला!"

बर्फाच्या बरोबर वर, गाडीच्या तळातून एक बोटभर पाइप बाहेर आला होता. त्याच्या टोकाला एक निळा थेंब गोठून लोंबत होता.

ती बाहेर आली तेव्हा समोर मामा उभे होते. दात घासून झाले होते.

"काय चाललंय सकाळी सकाळी?" त्यांनी विचारलं.

ढोल्याने तोंडावर हात दाबला. घंटीने सायकलच्या हँडलवर डोकं टेकलं. मामी दारात आली, तिने मामांकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, आरशात बघून या."

मामांचे दात निळे होते. ओठही. हिरड्यांपर्यंत व्यवस्थित, कुठेही न सुटता. शेवटी दातांचे डॉक्टर होते ते.

*

आधी बोलणी खावी लागली. मग मुंगीने हातातला बर्फाचा तुकडा पुढे केला आणि म्हणाली, "मामा, ओरडून झालं असेल तर आधी गाडीखाली बघता का?"

मामांनी बघितलं. ते बाहेर आले आणि गुडघ्यांवरची माती झटकू लागले.

"तो पाइप वर कुठे जातो ते शोधू या," मुंगी म्हणाली.

पाइप बाकाखाली जात होता. बाकाखाली मामांचे गमबूट, मोडकी खुर्ची आणि कोळशाची पिशवी कोंबलेली होती. सगळं उपसल्यावर मागे पाण्याचा पंप आणि गिझर दिसला आणि गिझरच्या पायथ्याशी, बाहेरच्या गार पत्र्याला लागून, एक छोटा खटका. तो वर आलेला होता. मुंगीने तो खाली दाबला. बोट काढताच तो परत वर आला. टक्.

"पहाटेचा आवाज हाच!" ती म्हणाली. "हा खटका केवढा गार आहे! मामी, तुझी शेकायची पिशवी दे ना, गरम पाण्याची."

पिशवी थोडा वेळ खटक्याला लावून ठेवली. मग दाबल्यावर तो खालीच बसून राहिला.

मुंगी मांडी घालून त्याच्याकडे बघत राहिली. घरच्या फ्रीझरमध्ये तिने एकदा काचेची बाटली भरून ठेवली होती. सकाळी तिचे दोन तुकडे झाले होते. काल मावशी म्हणाल्या होत्या, टाकी फुटेल. गारठा आणि फुटणं. तिला एकदम सगळं दिसलं.

"मॅनेजरकाकांना बोलवा," ती म्हणाली. "आणि पुस्तकमावशींनाही."

मावशींची गाडी निघायच्या तयारीत होती. त्या गाडीची किल्ली हातात घेऊनच आल्या आणि दाराशी थांबल्या. तोवर नळावर ऊन आलं होतं, त्यामुळे टाकीत थोडं पाणी भरता आलं. इंजिन चालवून बॅटरीत जीव आणला होता. मॅनेजरकाका बाकासमोर उकिडवे बसले.

"टाकीतलं पाणी नळाला पाठवणारा हा पंप नेहमीसारखा चालू आहे," मुंगी म्हणाली. "आता हे पहाटेचं थंड." तिने निळ्या बर्फाचा तुकडा पिशवीत घालून खटक्यावर ठेवला.

काहीच झालं नाही.

"आणि?" मॅनेजरकाका म्हणाले.

"थांबा."

ढोल्या बाकावर हळू हळू ताल धरू लागला. मामीने त्याचा हात धरला. सगळे खटक्याकडे बघत होते.

टक्. घर्र, घर्र, घर्र. आणि बाहेरून घंटीची आरोळी, "आलं! गाडीखालून पाणी आलं! फिकट निळं!"

"पाणी गोठलं की फुगतं," मुंगी सांगू लागली. "गिझरमध्ये गोठलं तर गिझर फुटेल. म्हणून गारठा वाढला की हा खटका आपोआप उडतो आणि गिझरमधलं पाणी खाली सोडून देतो. पण तेव्हा पंप चालू असला, तर त्याला वाटतं कोणीतरी नळ उघडलाय. तो टाकीतलं पाणी पाठवत राहतो. टाकी संपली तरी कोरडाच फिरतो, बॅटरी उतरेपर्यंत. आम्ही ते मामांचं घोरणं समजत होतो."

"म्हणजे रोज रात्री पंप बंद करायचा. एवढंच?" मॅनेजरकाकांनी विचारलं.

मामा गमबुटांच्या ढिगाशेजारी बसले होते. "आधीचा मालक असंच काहीतरी सांगत होता खरा," ते म्हणाले. "झोपताना पंप... पंपाचं काहीतरी..."

"आणि तुम्ही म्हणालात, आता डावीकडून एक फोटो," मामी म्हणाली. "दातांना रोज दोनदा आणि गाडीला जन्मात एकदाही नाही. आणि मी मेली शेजारणीवर पहारा देत बसले."

दाराशी उभ्या असलेल्या मावशी पहिल्यांदाच बोलल्या. "काल तुम्ही विचारलं होतंत ना, रात्री भरलेलं पाणी सोडून द्यायचं, असं कोणी करतं का? तुमची गाडी करते."

मामा उठले. त्यांनी शर्ट नीट केला, मावशींसमोर गेले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. मी न बघता तुम्हाला चोर म्हटलं. मला माफ करा."

ते अगदी मनापासून म्हणाले होते. पण प्रत्येक शब्दागणिक निळे दात चमकत होते. मावशींनी ओठ घट्ट मिटले, जमिनीकडे बघितलं, किल्ली मुठीत दाबली. आणि मग त्यांना हसू आवरेना. त्या इतक्या हसल्या की त्यांना दाराच्या चौकटीला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "केलं माफ. आता कृपा करून बोलू नका."

"माझंही चुकलं," मॅनेजरकाका म्हणाले. "वाकून टाकी बघायला कितीसा वेळ लागला असता? ती झाडाखालची जागा तुमचीच, बाई. हवं तितकं राहा." मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही तिघं. पुरावा आणलात तो पक्का आणलात. नुसता आजचा नाही, खालच्या थरांसकट रोजचा. शाबास!"

"हिला शेपटीपासून सवय आहे," ढोल्या घंटीकडे बोट दाखवून म्हणाला.

"माझ्या दातांचं काय?" मामांनी विचारलं.

"रंग जाईल हो दोन दिवसांत," मामी म्हणाली. "रोज दोनदा घासा. न चुकता."

रंग कोणालाही न विचारता टाकला, त्याची भरपाई म्हणून टाकी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं काम मुलांकडे आलं. दुपारभर ते चाललं. मामाही बाह्या सरसावून त्यांच्यात सामील झाले, कारण पाइप धरून उभं राहणं तेवढं त्यांना नीट येत होतं.

*

संध्याकाळी फेरी दोन गाड्यांची झाली. मावशी पुढे, मामा मागे, त्यांच्यामागे मुलं. मामांच्या मागच्या टायरवर मावशींचा अंगठा थांबला.

"कीड?" मामांनी विचारलं.

"भेगा. अजून काही दिवस चालेल. पण बघत राहा, आणि परत गेल्यावर बदला."

"हेच मी पेशंटना सांगतो," मामा म्हणाले. "ते ऐकत नाहीत."

साबणाचे बुडबुडे आले नाहीत. मावशींचे कॅन भरून, गोधडीत गुंडाळून आत गेले. उचलायला या वेळी सहा हात होते. गाडीखाली बघता यावं म्हणून मामांनी ताडपत्री काढून टाकली. ढोल्याने टाकीवर बोटांनी वाजवून ती कुठवर भरलीय ते आवाजावरून ओळखायला सुरुवात केली होती, आणि ते बहुतेक बरोबर येत होतं.

निजायच्या वेळी मुंगीने पंपाचं बटण बंद केलं. मग तिला काहीतरी आठवलं. तिने खिडकी सरकवली. गार वारा आत आला आणि ढोल्या कुरकुरला. शेजारच्या गाडीत अजून दिवा होता.

"मावशी," तिने हाक मारली, "झोपलात का?"

शेजारचा दिवा तसाच जळत राहिला. मुंगीला वाटलं, नको होतं विचारायला.

"झोपले," पलीकडून आवाज आला. आणि दिवा मालवला.

"झोपलेलं माणूस बोलेल कसं?" ढोल्या पांघरुणातून म्हणाला.

"गप रे."

पहाटे बाकाखाली टक् झालं. मुंगीने डोळे उघडले आणि कान दिला. घर्र, घर्र असा आवाज येतच होता. तिने वाकून बघितलं.

या वेळी ते मामाच होते. ती कूस बदलून परत झोपली.